ज्या वेळेला गाव नाही

गुरुवार हा पिंपरी-चिंचवडचा रविवार. पुण्यात गुरुवारी शाळा भरतात, बँका उघडतात, माणसं डबे घेऊन कामाला निघतात. पण नदी ओलांडून इकडं आलं की सगळ्या कारखान्यांची फाटकं बंद. विजेची ओढाताण नको म्हणून प्रत्येक भागाला सुट्टीचा वेगळा वार वाटून दिलेला, आणि या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. एरवी इथला दिवस भोंग्यावर उगवतो आणि भोंग्यावरच मावळतो. गुरुवारी भोंगा मुका असतो. रात्रीच्या शांततेचं एवढं काही नसतं, कारण रात्री माणूस मनाची तयारी करून असतो. पण भर दुपारी, लख्ख उन्हात, दोन्ही बाजूंना मोठमोठ्या शेड उभ्या आणि मधल्या रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशी शांतता ज्यानं अनुभवली त्यालाच ती ठाऊक.

ही हकिकत अशाच एका दुपारची. साल एक्क्याऐंशी, महिना मे.

कस्तुरा ओव्हाळ त्या गुरुवारी कंपनीत निघाली ती अगदी साध्या कामाला. आपण लिहिलेला प्रोग्राम जुन्या माहितीवर एकदा चालवून बघायचा, सगळं ठीक निघालं की कागद फाडून घ्यायचा आणि घरी येऊन आईला पापड लाटू लागायचे. कंपनी हवेचे कॉम्प्रेसर बनवायची, जर्मन लोकांच्या भागीदारीत. कॉम्प्युटर एकच, पण एक अख्खी खोली अडवून बसलेला, आणि इतर दिवशी त्याच्यावर पगाराचा आणि स्टोअर्सचा कब्जा. नव्या प्रोग्रामच्या चाचणीसाठी तो मोकळा मिळायचा फक्त गुरुवारी, आणि तेव्हा तो जनरेटरवर चालायचा.

तिचा बाप किसन दुसऱ्या एका कारखान्यात भट्टीवर होता. मूळचा कुरुळीचा, आता खराळवाडीत दोन खोल्यांत राहणारा. मुलगी बी.एस्सी. झाली, कॉम्प्युटरच्या कार्डांना माहितीची भोकं पाडायच्या, म्हणजे पंच करायच्या कामाला लागली, आणि तिथून परीक्षा देऊन प्रोग्रामर झाली, तेव्हा त्यानं वस्तीत पेढे वाटले आणि पेढ्यांपेक्षा जास्त बढाया वाटल्या. "लोक मशीनकडनं शिकत्यात. आमची कस्तुरा मशीनला शिकवती," हे त्याचं वाक्य आता शेजारच्या पोपटालाही पाठ झालं असावं. त्या दिवशी तो तिला सायकलवर डबलसीट घेऊन कंपनीच्या फाटकापर्यंत आला आणि वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "संध्याकाळी न्यायला येऊ का, प्रोग्रामरबाई?"

कस्तुरानं वरवर डोळे वटारले. पण आतून तिची छाती फुगली होती, आणि का फुगू नये?

वॉचमन हिंदुरावनं फाटकातलं छोटं दार उघडलं. तो बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, उगाच काही बोलणारा नव्हे. तरी ती आत जाताना तो हळूच म्हणाला, "ताई, तीनच्या सुमाराला त्या लांबट व्हरांड्यात नका जाऊ. खोलीतच बसा."

"का हो?"

"काय न्हाई... वारा असतो."

मे महिन्याच्या दुपारी वाऱ्याचं नाव नव्हतं.

आता तो प्रोग्राम काय होता हे थोडं सांगायला हवं. कंपनीला जर्मनीहून, दुबईहून, मोंबासाहून टेलेक्सवर, म्हणजे तारेवरून आपोआप टाइप होणाऱ्या यंत्रावर, संदेश यायचे. प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर तारीख आणि वेळ असायची, पण लिहिणारा लिहायचा ती त्याच्या भिंतीवरच्या घड्याळातली. दुबईत अकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. मोंबासात बारा, तर इथं अडीच. जुना प्रोग्राम या कशाचाच विचार करायचा नाही. सगळ्या जगाला मिळून एकच घड्याळ आहे आणि ते चिंचवडला टांगलंय, अशा थाटात तो सगळ्या वेळा एका रांगेत लावायचा. मग कुठली ऑर्डर आधीची आणि कुठली रद्द केल्याची सूचना नंतरची, याचा पत्ता लागायचा नाही. मागच्या दिवाळीत अशा रद्द झालेल्या ऑर्डरीचे काही कॉम्प्रेसर मोंबासाला गेले, आणि तिथं ते उतरवून घ्यायला कुणी नव्हतं.

कस्तुराचा प्रोग्राम वेळेच्या आकड्यांपुढची तीन अक्षरं वाचायचा. ती अक्षरं म्हणजे त्या घड्याळाचं गाव. गाव कळलं की तिनं बसवलेल्या तक्त्यात त्याच्या नि आपल्या वेळेतला फरक बघायचा, आणि मग भारतीय वेळ छापायचा. जर्मन लोक कालपरवापासून उन्हाळ्यात आपली घड्याळं तासभर पुढं ढकलायला लागले होते. त्याचीही सोय तिनं केली होती. आणि ज्या वेळेपुढं अक्षरंच नाहीत, किंवा अशी अक्षरं आहेत की तक्त्यात सापडत नाहीत, तिथं मशीननं अंदाज करायचा नाही. सरळ थांबायचं.

"ज्या वेळेला गाव नाही, ती वेळच नाही," ती म्हणायची.

"अहो मिस ओव्हाळ, वेळेला कसलं आलंय गाव?" नंदकिशोर साहेब हसायचे. ते कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. जुना प्रोग्राम त्यांनीच लिहिला होता, कंपनीत कॉम्प्युटर आला त्या वर्षी, आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या प्रोग्रामवर माया सगळ्यांचीच असते. तरी त्यांनीच कस्तुराला हे काम दिलं होतं. शुक्रवारी जनरल मॅनेजरांसमोर प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. पसंत पडला तर तो कंपनीभर लागू होणार होता आणि कस्तुरा कायम होणार होती. नाही पडला तर पुन्हा पंचिंगच्या खोलीत.

चाचणीसाठी जुन्या टेलेक्सच्या ढिगातून एक रोल काढला होता, सात वर्षांपूर्वीचा, एका महिन्याचा. टेलेक्सच्या कागदाला खाली कार्बनची प्रत असते. त्या प्रतीवरून पंचिंगच्या मुलींनी आठवडाभर खपून कार्डं केली होती, या वेळी अक्षरांसकट.

कस्तुरानं कार्डांची चळत यंत्रात ठेवली. खोलीला खिडकी नव्हती. एसीचा गारवा, जनरेटरची दूरवरून येणारी घरघर आणि शाईचा वास. प्रिंटर खडखडायला लागला. प्रत्येक ओळीत तिकडची वेळ, गाव, फरक, मग आपल्याकडची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात संदेश हातात कधी पडला ती वेळ, तीही गावासकट, आणि घेणाऱ्याच्या नावाची आद्याक्षरं. ओळी सरसर येत होत्या. सगळ्या बरोबर. कस्तुरा एकटीच होती, तरी ती स्वतःशी हसली.

एका ओळीपाशी तिची नजर अडली.

जर्मनीहून आलेला संदेश. तिकडची वेळ दहा-वीस. आपल्याकडची दोन-पन्नास, दुपारची. आणि शेवटचा रकाना कोरा. बाकी प्रत्येक संदेश कुणाच्या ना कुणाच्या हाती पडला होता, एवढा एकच कुणाला पोचलेला नव्हता.

आणि त्याच वेळी बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी धावलं.

फट्-खट्, फट्-खट्, फट्-खट्. एका पायाचा आवाज मऊ, दुसऱ्याचा टोकदार. टेलेक्सच्या खोलीकडून आवाज आला, तिच्या दारावरून जोरात पुढं गेला, व्हरांड्याच्या टोकाला पोचला, आणि तिथं एकदम तुटला. धावणारा माणूस थांबताना दोन पावलं तरी अडखळतो. हा आवाज तसा थांबला नाही. तो नुसता नाहीसा झाला.

कस्तुरानं दार उघडलं. लांबट व्हरांडा ओस पडलेला. टेलेक्सची खोली कुलूपबंद. दुसऱ्या टोकाला जिथं पूर्वी टेस्टिंग शेडचं लोखंडी दार होतं, तिथं आता विटांची भिंत. हवेत मात्र एक वास होता, तापलेल्या लोखंडाचा आणि जळक्या रंगाचा... गेली सात वर्षं त्या बाजूला कुणी वेल्डिंगसुद्धा केलं नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून शालनबाई चहाची किटली घेऊन आल्या. त्या कँटीनमध्ये कामाला होत्या, मारुंजीच्या, पन्नाशीच्या आतबाहेर. फारसं न बोलणाऱ्या. गुरुवारी कुणी कामावर आलं तर त्या आपणहून चहा घेऊन यायच्या.

"मावशी, आत्ता इथून कोण धावलं?"

शालनबाईंनी किटली खाली ठेवली. चेहऱ्यावर भीती अशी नव्हतीच.

"तुमाला आलं व्हय ऐकू?" त्या म्हणाल्या. "टायरच्या वहाणा हायेत. एकीचा पट्टा तुटल्याला, खिळा मारून बसवल्याला. म्हून तशा वाजत्यात. मीच मारला हुता खिळा."

कस्तुरानं व्हरांड्याच्या टोकाच्या भिंतीकडं पाहिलं.

"आमचं मालक," शालनबाई म्हणाल्या. "रंगराव. हितं टेलेक्सवर हुते."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. रंगराव मॅट्रिक झालेला, मारुंजीतला खुर्चीवर बसून पगार घेणारा पहिला माणूस. गावात त्याचा कोण मान. जर्मनीत गुरुवारी सुट्टी नाही, म्हणून तो गुरुवारीही ड्यूटीवर असायचा. त्या दिवशी टेस्टिंग शेडमध्ये फोरमन बबनराव आणि त्यांचा मदतनीस धोंडीबा एका मोठ्या टाकीत हवा भरून बघत होते. सुट्टीच्या दिवशी आवारात माणसं कमी, म्हणून अशा चाचण्या गुरुवारीच व्हायच्या. जर्मनीहून संदेश आला, त्या टाकीच्या पत्र्यात खोट आहे, हवा भरू नका. रंगराव संदेशाचा कागद घेऊन धावला. तीनला थोडी मिनिटं कमी होती. तो शेडच्या दारात पोचला आणि टाकी फुटली. तिघंही जागीच गेले.

"मग ते तर वाचवायला गेले होते," कस्तुरा म्हणाली.

"तसं कुनी म्हनलं न्हाई, बाई. चवकशी झाली. कागदावर टायम निघाला सकाळचा, दहा-वीस. साहेबलोक म्हनले, रंगराव साडेचार तास कागद उशाला घेऊन झोपला, आन् जाग आल्यावर पळाला. दोन मानसं मारली त्यानं." शालनबाईंचा आवाज तसूभर हलला नाही. "शेडच्या म्होरं दगड बसवलाय, बघितला असंल. दोनच नावं हायेत त्याच्यावर. दर साली कंपनी नारळ फोडती. नारळ मीच आनून देती. गावात मला झोपाळूची बायको म्हनत्यात."

साडेचार तास. कस्तुरानं हातातल्या कागदाकडं पाहिलं. त्या ओळीत फरकाच्या रकान्यात छापलेलं होतं, चार तास तीस मिनिटं. जर्मनीची आणि आपली तेव्हाची तफावत.

तो झोपला नव्हता. साडेचार तास कुणी कागदावर झोपलेलंच नव्हतं. ते तास कधी झालेच नव्हते. ते जर्मनीच्या आणि चिंचवडच्या घड्याळांमधले तास होते, आणि त्यांचं खापर एका मेलेल्या माणसाच्या डोक्यावर फुटलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात, इथं तर चोर नव्हताच.

ती काही बोलणार तोच नंदकिशोर साहेबांची स्कूटर वाजली. शालनबाई किटली उचलून निघून गेल्या.

साहेबांनी कागद हातात घेतला, वरून खाली नजर फिरवली, मान डोलावली. "शाबास. उत्तम." मग ते त्या ओळीपाशी आले आणि त्यांचा चेहरा उतरला. 

"ही ओळ उद्या अशी दिसता कामा नये," ते म्हणाले.

"पण सर, हीच वेळ बरोबर आहे."

"बरोबर-चूक राहू द्या. चौकशीच्या अहवालावर बड्या साहेबांची, म्हणजे जनरल मॅनेजरांचीच सही आहे. अहवाल आपल्या कॉम्प्युटरच्या कागदावरून झाला. तेव्हा सगळे म्हणाले, माणूस खोटं बोलेल, कॉम्प्युटर नाही बोलणार." त्यांनी चष्मा पुसला. "उद्या तुमचा प्रोग्राम सांगणार की तो अहवाल चूक. मग तुमचा प्रोग्राम पसंत होईल असं वाटतं तुम्हाला?"

"हा रोल नको दाखवायला मग."

"दुसरा पंच करायला आठवडा लागेल. ही एक ओळ काढली तर संदेशांच्या नंबरांची रांग तुटते आणि मशीन थांबतं. एकच कार्ड घाला. या नंबरच्या संदेशाला फरक लावायचा नाही, एवढंच. कुणाचं काय जातंय, मिस ओव्हाळ? तो माणूस तर गेला."

कस्तुराला खराळवाडीतले पेढे आठवले, बापाची सायकल आठवली, पंचिंगची खोली आठवली. आणि खोटं कशाला सांगायचं, तिनं ते कार्ड पंच केलं. चळतीत योग्य जागी सरकवलं आणि मशीन सुरू केलं.

प्रिंटर खडखडला. ओळी आल्या. ती ओळ आली. आपल्याकडची वेळ, दहा-वीस.

फट्-खट्, फट्-खट्.

या वेळी आवाज दारावरून पुढं गेला नाही. तो टेलेक्सच्या खोलीकडून आला, आला... आणि दाराशी थांबला. दाराच्या पलीकडून धापा ऐकू यायला लागल्या, लांब पल्ला धावून आलेल्या माणसाच्या. मग कागदाची सळसळ. कुणीतरी घाईघाईनं कागद पुढं करावा तशी.

"जनरेटर आहे," नंदकिशोर साहेब म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "जनरेटरचाच आवाज..."

खोलीत जळका वास भरला. एसी चालू होता, तरी दाराचा पत्रा हात लावण्याआधीच गरम जाणवत होता. धापा थांबेनात. त्यात राग नव्हता, हे कस्तुराला नंतर पुष्कळदा आठवायचं. त्यात घाई होती. मला सोडा, वेळ नाही, अजून पोचता येईल, अशी ती घाई होती. हा माणूस सात वर्षं वेळेत पोचायला धावत होता, आणि दर वेळी कागद सांगत होता की तू उशिरा निघालास.

तिची भीती गेली असं नाही.  पण हातांत तिच्या बापाचा ताठा होता. मशीनला शिकवणारी ती होती, आणि तिनं त्याला खोटं शिकवलं होतं. तिनं चळत बाहेर काढली, ते कार्ड शोधून ओढलं आणि साहेबांसमोर फाडलं.

"मिस ओव्हाळ..."

"माझा प्रोग्राम चूक नाही, सर," ती म्हणाली. "आणि तेही चूक नव्हते."

तिनं पुन्हा मशीन चालू केलं. ओळी येत गेल्या. ती ओळ आली. दहा-वीस, जर्मनी. फरक साडेचार तास. आपल्याकडे, दोन-पन्नास.

दाराबाहेरच्या धापा मंदावल्या. थोडा वेळ काहीच नाही. मग वहाणा पुन्हा वाजल्या, पण आता सावकाश, घरी निघालेल्या माणसासारख्या. फट्... खट्. फट्... खट्. व्हरांड्यातून टोकाकडं. भिंतीपाशी आवाज पोचला आणि दोघांनीही स्पष्ट ऐकलं, लोखंडी दाराची कडी काढल्याचा आवाज, दार करकरल्याचा आवाज... आणि दार लागल्याचा. तिथं विटा होत्या. विटांवर सात पावसाळ्यांचं शेवाळ वाळलेलं होतं.

नंदकिशोर साहेब खुर्चीत बसले. कस्तुरानं प्रिंटरमधून कागद फाडला, घडी घातली आणि पुन्हा न बघताच पर्समध्ये ठेवला.

शालनबाई बाहेर, व्हरांड्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी नुसतं भिंतीकडं पाहिलं.

"चालत गेले," त्या म्हणाल्या. "कधी चालायचे न्हाईत बघा. सदा घाईत."

शुक्रवारी जनरल मॅनेजर आले. कस्तुरानं प्रोग्राम त्यांच्यासमोर पहिल्यापासून चालवून दाखवला. गोऱ्या, उंच, कमी बोलणाऱ्या त्या माणसानं एकेक ओळ वाचली आणि नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"याची चौकशी झाली आहे. हा संदेश सकाळी दहा-वीसला आला होता."

"साहेब, आपल्याकडं सकाळी दहा-वीस झाले होते, तेव्हा जर्मनीत पहाटेचे सहासुद्धा वाजले नव्हते," कस्तुरा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "इतक्या पहाटे टेलेक्सवर बसायला तिकडं कोण आलं होतं?"

 मग नंदकिशोर साहेब उभे राहिले. ते हात झटकून मोकळे होतील असं कस्तुराला वाटलं होतं.

"गावाची अक्षरं माझ्या प्रोग्रामनं गाळली, साहेब," ते म्हणाले. "आकड्यांच्या रकान्यात अक्षरं घ्यायची नाहीत, असा नियम मीच केला होता. तो माणूस पाच-सात मिनिटांत कागद घेऊन शेडपर्यंत धावला. कुणीही त्याहून लवकर पोचलं नसतं."

शालनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात होत्या. त्या आत आल्या, बड्या साहेबांसमोर कप ठेवला, आणि पदर खांद्यावर सारखा करून ताठ उभ्या राहिल्या.

"साडेचार तास हुते, साहेब," त्या म्हणाल्या. "सात वर्सं डोक्यावर घेऊन चालले मी त्ये. आज हितं ठेवती."

बड्या साहेबांनी चहा घेतला नाही. ते उठले आणि त्या बाईसमोर त्यांनी हात जोडले. कंपनीत असं पूर्वी कुणी पाहिलेलं नव्हतं.

महिन्याच्या आत पाथरवट आला आणि दगडावर तिसरं नाव कोरलं गेलं. बबनराव, धोंडीबा, रंगराव. नारळ शालनबाईंनी स्वतः फोडला. मारुंजीहून दोन बैलगाड्या भरून माणसं आली होती, आणि त्यांतली जी बाई पूर्वी सगळ्यांत मोठ्यानं झोपाळूची बायको म्हणायची, तीच आज शालनबाईंच्या अंगाला खेटून उभी होती. जगाची रीतच ही. किसन सुट्टी टाकून आला होता. या वेळी त्यानं एकही बढाई मारली नाही. दगडाला हात लावून तो परत आला आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा कस्तुराला कायम झाल्याचं पत्र मिळाल्यापेक्षाही जास्त भरून आलं. व्हरांड्यात त्यानंतर कुणी धावलं नाही. हिंदुराव आता तीन वाजता तिथंच सतरंजी टाकून पडायचा.

नारळ फोडला त्या रात्री खराळवाडीत वीज गेली. आईनं कंदील लावला. किसनला शेजाऱ्यांपुढं मिरवायला काहीतरी हवं होतं.

"त्यो कागद दाव की," तो म्हणाला. "रंगरावाचा."

गुरुवारचा तो कागद पर्समध्ये तसाच होता. कस्तुरानं घडी उलगडून बापासमोर पसरली. किसन रात्रशाळेत इंग्रजी अक्षरं शिकला होता. तो बोट ठेवून ओळ वाचायला लागला आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबला.

"तू म्हनलीस हा रकाना कोरा हाय. हितं तर लिवलंय की."

कस्तुरानं कंदील जवळ घेतला.

शुक्रवारच्या कागदावर तो रकाना कोरा होता. बड्या साहेबांनी बोट ठेवलं होतं तिथं तिनं तो डोळ्यांनी पाहिला होता. पण हा गुरुवारचा कागद होता, वहाणा चालत गेल्या तेव्हाचा. यावर हाती दिल्याची तारीख छापली होती, त्याच गुरुवारची, एक्क्याऐंशी सालची. वेळ तीनला थोडी मिनिटं कमी. घेणाऱ्याच्या जागी सात वर्षांपूर्वी गेलेल्या फोरमन बबनरावांची आद्याक्षरं.

कुठल्याही कार्डावर हे पंच केलेलं नव्हतं. आणि वेळेपुढं गावाची तीन अक्षरं होती. ती भारताची नव्हती, जर्मनीची नव्हती, तिच्या तक्त्यात ती कुठंच नव्हती. अनोळखी गाव आलं की थांब, असं तिनं मशीनला शिकवलं होतं. मशीन थांबलं नव्हतं. त्यानं ते गाव ओळखलं होतं, आणि त्या गावाच्या नि आपल्या घड्याळातला फरक शेजारी नीट छापला होता.

"शून्य," किसननं वाचलं. "शून्य म्हंजी काय गं?"

 बाहेर वस्ती अंधारात बोलत होती, कुणीतरी रेडिओ लावला होता, आणि कंदिलाची ज्योत काचेत सरळ उभी होती.

"म्हणजे... ते गाव लांब नाही, आबा," ती म्हणाली. "इथंच आहे."